राजवाड्याच्या सावलीतील काचमंदिर

ठाण्याच्या माजिवड्याहून भिवंडी, शहापूर, कसारा असा नाशिककडे जाणारा महामार्ग जुन्या पिढीच्या तोंडी आजही ‘आग्रा रोड’च आहे. कल्याण शहरातल्या जुन्या रस्त्यालाही तेच नाव आहे. या रस्त्याने रोज दुकानाकडे वा गोदामाकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल, की हाच मार्ग धुळे आणि सेंधवा मागे टाकून, खलघाटला नर्मदा ओलांडून होळकरांच्या इंदूरला पोहोचतो. अंतर साडेपाचशे ते सहाशे किलोमीटरचे. मराठ्यांच्या फौजा माळव्यात ज्या दिशेने गेल्या, साधारण त्याच दिशेने पुढे कापूस, अफू, धान्य आणि हुंड्या यांचा व्यापार वाहत राहिला. म्हणूनच इंदूर हे एकाच वेळी मराठी संस्थानिकांचे आणि जैन-वैष्णव सावकारांचे शहर झाले.

या शहरात चालत जाण्याच्या अंतरावर दोन वास्तू उभ्या आहेत. एक राजाने बांधली, दुसरी व्यापाऱ्याने. पहिली होळकरांचा राजवाडा आणि दुसरी इतवारिया बाजारातील काचमंदिर. सहलीच्या कार्यक्रमात या दोहोंना मिळून दोन-तीन तास दिले जातात. छायाचित्रे निघतात आणि मंडळी खरेदीला वळतात. परंतु व्यापारी कुटुंबाने जरा थांबून पाहावे, असे या दोन वास्तूंच्या जमाखर्चात पुष्कळ आहे.

राजवाड्यापासून आरंभ करणे सोयीचे. खजुरी बाजाराजवळील चौकात उभे राहिले की सात मजल्यांचे उंच प्रवेशद्वार नजरेत भरते. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत. खिळ्यांनी मढवलेला भक्कम दरवाजा, त्यावर सज्जे, झरोके आणि छत्र्या. मराठा वाड्याची बांधणी, मोगली कमानी आणि युरोपीय वळण यांचे मिश्रण या वास्तूत असल्याचे जाणकार सांगतात. सामान्य प्रवाशाला जाणवते ते एवढेच, की पुण्याच्या एखाद्या जुन्या वाड्याला कोणीतरी वर वर वाढवीत नेले आहे. आत शिरल्यावर चौक लागतो, भोवती ओवऱ्या आणि लाकडी खांब. शनिवारवाड्याची जोतीच तेवढी पाहिलेल्या मराठी माणसाला मराठेशाहीचा वाडा उभा असताना कसा दिसत असेल, याची कल्पना येथे येते.

या वाड्याचे काम १७४७ मध्ये मल्हारराव होळकरांच्या काळात सुरू झाले. मल्हारराव हे जेजुरीजवळच्या नीरा नदीकाठच्या होळ गावचे. धनगर कुटुंबात जन्मलेला आणि शिलेदारीपासून चढत गेलेला हा पुरुष माळव्याचा सुभेदार झाला. १७६६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणात त्यांच्या शब्दाला वजन होते.

मात्र वाड्याचे आयुष्य धन्याच्या भाग्याइतके सरळ गेले नाही. १८०१ मध्ये शिंदे-होळकर कलहात सर्जेराव घाटग्यांच्या फौजेने इंदूर लुटले आणि वाडा जाळला. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत होळकरांचा इंग्रजांकडून पराभव झाला, पाठोपाठ जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि इंदूर राजधानी ठरली. त्यानंतर दिवाण तात्या जोग यांच्या देखरेखीखाली वाड्याची पुन्हा उभारणी झाली. १८३४ मध्ये पुन्हा आग लागून वरचा भाग जळाला. तिसरी आग १९८४ च्या दंगलीतली. त्या वेळी वाड्याचा मागील भाग जवळजवळ नष्ट झाला. तो जुन्याच पद्धतीने आणि जुन्याच प्रकारचे साहित्य वापरून पुन्हा बांधण्यात आला. उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने हे काम २००७ मध्ये पूर्णत्वास गेले. मे २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक याच वाड्यात भरली.

अडीचशेहून अधिक वर्षांत तीन आगी आणि तीन पुनर्बांधण्या झाल्या. लाकडाच्या वाड्याला आग लागणे यात नवल नाही. नवल वाटते ते दर वेळी तो पुन्हा उभा करावासा वाटला याचे. त्याचे एक कारण वाड्याच्या आतच आहे.

राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचे मंदिर आहे. मल्हारी म्हणजे जेजुरीचा खंडोबा, होळकरांचे कुलदैवत. घराण्याच्या संस्थापकाचे नावसुद्धा त्याच दैवतावरून ठेवलेले. दरबार इंग्रजी रीतीने भरू लागला, पोशाख बदलले, राजपुत्र परदेशी शिकून आले. तरी या देवघरात भंडारा उधळत राहिला. राजा जेथे राहतो तेथेच त्याच्या दैवताचे स्थान असावे, ही कल्पना जवळपास सर्व संस्कृतींत आढळते.

तिचे जगातील एक विख्यात उदाहरण इटलीच्या सिसिली बेटावर, पालेर्मो शहरात आहे. नॉर्मन वंशाचा राजा रॉजर दुसरा याला ११३० च्या नाताळात राज्याभिषेक झाला आणि दोनच वर्षांनी त्याने आपल्या राजवाड्यात प्रार्थनागृह बांधण्यास घेतले. ‘कापेला पलातिना’ या नावाने ते ओळखले जाते. त्याच्या भिंती, कमानी आणि घुमट सोनेरी काचेच्या बारीक तुकड्यांनी मढवलेले आहेत. धर्मकथांतील चित्रे ग्रीक परंपरेच्या कारागिरांनी घडवली. लाकडी छत अरबी पद्धतीचे, मधाच्या पोळ्यासारख्या कोनाड्यांचे. प्रार्थना मात्र लॅटिनमध्ये. राजाच्या कचेरीत ग्रीक, अरबी आणि लॅटिन या तिन्ही भाषांत लिखापढी चाले. त्या राजवाड्यात आज सिसिलीची विधानसभा भरते. राज्ये गेली, वंश संपला, पण प्रार्थनागृहातील सोने अजून चमकते आहे.

ही चमक कशी साधली, हे समजून घेतल्यास पुढे काचमंदिर पाहताना डोळे अधिक उघडे राहतात. पालेर्मोसारख्या ठिकाणी काचेच्या तुकड्यावर सोन्याचा अतिशय पातळ वर्ख ठेवून त्यावर पुन्हा काचेचा पापुद्रा बसवीत. सोने दोन काचांच्या मध्ये बंद झाल्यामुळे त्याला ना हवा लागे, ना हात. मग हे चिमुकले चौकोन ओल्या चुन्यात किंचित तिरके, प्रत्येक वेगळ्या कोनात बसवीत. त्यामुळे पाहणारा एक पाऊल पुढे सरकला, की भिंतीवरचा प्रकाशही हलतो. आपल्याकडील काचकामाची रीत निराळी आहे. येथे आरशाचे तुकडे आकारात कापून चुन्याच्या वा जिप्समच्या गिलाव्यात बसवतात आणि रंगीत काचेच्या पाकळ्या, वेली, जाळ्या त्यांत गुंफतात. आमेरचा शीशमहल याच परंपरेतला. सोनेरी तुकडा प्रकाश परत देतो. आरशाचा तुकडा प्रकाशाबरोबर पाहणाराचे प्रतिबिंबही परत देतो. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

इंदूरच्या राजवाड्यात असे रत्नजडित प्रार्थनागृह नाही. मल्हारी मार्तंडाचे मंदिर त्या मानाने साधे आहे. होळकरांच्या घराण्यात धर्मकार्यावर सर्वांत अधिक खर्च ज्यांनी केला, त्या अहिल्याबाईंनी तो खर्च स्वतःच्या वाड्यावर केलाच नाही. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालवले ते नर्मदाकाठच्या महेश्वरहून आणि तेथील त्यांचे निवासस्थान पाहणारास त्याचा साधेपणा चकित करतो. काशी विश्वनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा ही त्यांची कामे. राजाज्ञा निघे ती ‘श्रीशंकर’ या नावाने.

बहीखात्याशी ज्यांचा नित्य संबंध आहे त्यांनी अहिल्याबाईंच्या व्यवहारातील एक गोष्ट विशेष पाहावी. होळकरांच्या घरी ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी दोन वेगळी खाती होती. दौलत म्हणजे राज्याचा महसूल. त्यातून फौज, कारभार आणि रयतेची कामे. खासगी म्हणजे राणीच्या मालकीची स्वतंत्र मिळकत. देशभरातील मंदिरे आणि घाट यांचा खर्च खासगीतून होई. रयतेच्या करातून स्वतःच्या पुण्याची बेगमी करायची नाही, ही त्यामागची दृष्टी. आपल्या समाजाला ही दृष्टी परकी वाटू नये. देवद्रव्य हे देवाच्याच कामी लागले पाहिजे, साधारण खात्याची रक्कम त्या त्या क्षेत्रातच वापरली पाहिजे, एका खात्यातून दुसऱ्यात उचल करायची नाही, हे नियम आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले आहेत. पैशाला नाव दिले की त्याला शिस्त लागते, हे अहिल्याबाईंना कळले होते आणि आपल्या पूर्वजांनाही.

राजवाड्यातून बाहेर पडून गजबजलेल्या बाजारपेठेतून चालत गेले, की इतवारिया बाजार येतो. दोन्ही बाजूंना दुकाने आणि वाहनांची दाटी. त्या दाटीतच पांढऱ्या दगडाची, पुढे आलेल्या सज्ज्याची एक हवेलीवजा इमारत दिसते. शिखर पाहिले नाही तर एखाद्या धनिकाचे घर वाटावे. हेच काचमंदिर. दिगंबर परंपरेचे हे जिनालय विसाव्या शतकाच्या आरंभी सर सेठ हुकुमचंद यांनी बांधले.

सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) हे नाव आज तरुण पिढीला फारसे ठाऊक नसेल. त्या काळी ते मुंबई आणि कोलकात्याच्या बाजारांत दबदब्याचे नाव होते. अफू आणि कापूस यांच्या व्यापारात त्यांनी प्रचंड पैसा मिळवला. त्यांच्या सौद्यांकडे बाजाराचे लक्ष असे. पुढे ते गिरणी उद्योगात उतरले. इंदुरात कापडगिरण्या आणि बंगालमध्ये ज्यूटची गिरणी त्यांनी उभारली. इंग्रज सरकारने ‘सर’ हा किताब दिला, होळकर दरबारात मान मिळाला, समाजाने त्यांना ‘दानवीर’ म्हटले. काचमंदिराजवळच त्यांचा शीशमहल हा निवासवाडा होता, पुढे इंद्रभवन नावाचा प्रासाद त्यांनी बांधला. म्हणजे राजवाडा बांधण्याची ऐपत आणि हौस या व्यापाऱ्याजवळही होती.

मंदिराच्या आत पाऊल टाकताच बाहेरचा बाजार संपतो. भिंती काचेच्या, खांब काचेचे, छत काचेचे, दरवाजेही काचकामाने मढलेले. फुले, वेली, नक्षी, कमळे, सारे आरशांच्या आणि रंगीत काचांच्या तुकड्यांतून जुळवलेले. वर काचेची झुंबरे आणि हंड्या. भिंतींवर जैन कथांमधील प्रसंग आहेत आणि त्यांत नरकातील यातनांची चित्रेही आहेत. लहान मुले नेमकी त्यांच्यापुढेच थबकतात आणि कोणत्या पापाला कोणती शिक्षा, असे विचारू लागतात. आजी-आजोबांना मग आपोआपच काम मिळते. हे शिक्षण शाळेच्या पुस्तकातून होत नाही.

काचेचे असे वैभव जैन व्यापाऱ्यांनी अन्यत्रही उभे केले आहे. कोलकात्यात राय बद्रीदास यांनी १८६७ मध्ये बांधलेले शीतलनाथ भगवंतांचे मंदिर त्यातले सर्वांत प्रसिद्ध. बद्रीदास स्वतः जवाहिरे होते आणि त्या मंदिराच्या प्रत्येक कोपऱ्यात जवाहिऱ्याची नजर दिसते. इंदूरचे काचमंदिर मात्र याहून अधिक एकाग्र आहे. कोलकात्याला बाग, तळे, कारंजी आहेत. इंदुरात बाजाराच्या मध्यावर एक बंद मंजूषा आहे आणि तिच्या आत प्रकाश साठवलेला आहे.

या मंजूषेच्या गाभाऱ्यात शांतिनाथ भगवान विराजमान आहेत, दोन्ही बाजूंस आदिनाथ आणि चंद्रप्रभ. गाभाऱ्याच्या समोरासमोरच्या आरशांत या प्रतिमा एकामागून एक उमटत जातात आणि दृष्टी पोहोचेल तेथवर तीर्थंकरच दिसू लागतात. प्रवासी विस्मयाने उद्गार काढतात आणि पुढे सरकतात. परंतु ज्याला थोडे थांबण्याची सवड आहे त्याला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. ज्यांनी अंगावरचे वस्त्रही ठेवले नाही, त्यांच्याभोवती इतका झगमगाट कशासाठी? अपरिग्रहाचा उपदेश करणाऱ्यांच्या घरी हा परिग्रहाचा उत्सव शोभतो काय?

हा आक्षेप नवा नाही आणि तो उथळही नाही. चिंतनशील मुनींनी, सुधारक श्रावकांनी तो अनेकदा मांडला आहे. दुष्काळाच्या वर्षी, शाळा वा दवाखान्याची गरज असताना, मंदिरावर किती खर्च करावा, हा वाद प्रत्येक संघात केव्हा ना केव्हा झालेला आहे. त्याचे उत्तर काचमंदिर पुरेसे देते असे नाही. पण मूलनायक कोण आहेत, याकडे लक्ष गेले की त्या झगमगाटाचा अर्थ बदलतो.

शांतिनाथ हे सोळावे तीर्थंकर आणि त्याच भवात ते चक्रवर्तीही होते. हस्तिनापूरचे राजे, सहा खंडांचे स्वामी, चौदा रत्ने आणि नऊ निधी ज्यांच्या पायाशी होते असे सम्राट. चक्रवर्तीचा प्रासाद, त्याची आयुधशाळा, त्याचे अंतःपुर यांची वर्णने आपल्या पुराणांत पानेच्या पाने भरून आहेत. आदिनाथ हे पहिले राजे, चंद्रप्रभही राजकुलातले आणि राज्य केलेले. या तिघांनीही राजवाडे सोडले. काचमंदिर पाहताना मन हे ध्यानात घेते, की आपण एका राजवाड्यातच उभे आहोत आणि या राजवाड्याचा धनी तो सोडून गेलेला आहे. सगळा थाट त्याच्याभोवती आहे आणि तो डोळे मिटून आहे. आरशांत त्याची प्रतिमा असंख्य वेळा उमटते. त्याच आरशांत दर्शनाला आलेला व्यापारीही तुकड्या-तुकड्यांनी दिसतो. त्याची अंगठी, घड्याळ, मोबाइल, खिशातील पाकीट, सारे वेगवेगळ्या काचांत विखुरलेले. सोडणारा अखंड दिसतो आणि धरणारा तुकड्यांत. बांधणाऱ्याच्या मनात हे होते की नाही, कोण सांगणार. पण काच ते रोज दाखवीत असते.

मग सेठजींनी काय धरले आणि काय सोडले? मंदिराला दिलेले द्रव्य सुटले आणि टिकले. जे धरले त्याचे काय झाले, तेही याच शहरात पाहता येते. त्यांच्या नावाची हुकुमचंद मिल एके काळी इंदूरच्या हजारो घरांची चूल पेटवीत असे. गिरणीच्या भोंग्यावर वस्त्यांचे दिवस सुरू होत. सेठजींच्या निधनानंतर तीन दशके उलटल्यावर, डिसेंबर १९९१ मध्ये, ती गिरणी बंद पडली. पाच हजारांहून अधिक कामगार एका दिवसात बेकार झाले. त्यांच्या देण्यांचा खटला वर्षानुवर्षे चालला. कामगार म्हातारे झाले, कित्येकांचे निधन झाले, त्यांच्या विधवा आणि मुले तारखांना हजर राहू लागली. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २२४ कोटी रुपये या देण्यांपोटी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. मधे बत्तीस वर्षे गेली.

यात कोणाचा दोष किती, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. गिरण्या बंद पडण्याची कारणे देशभर सारखीच होती. कल्याण, अंबरनाथ, ठाणे या पट्ट्यातही बंद कारखान्यांच्या भिंती आणि त्यांच्यामागे उभे राहिलेले मनोरे आपण रोज पाहतो. त्या भिंतींच्या आत काम केलेली माणसे आपल्याच दुकानांत गिऱ्हाईक म्हणून येत आणि उधारीच्या वहीत त्यांची नावे असत. प्रश्न आहे तो क्रमाचा. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य हे पालेर्मोच्या रॉजर राजाचे समकालीन. तिकडे सोनेरी काच बसवली जात होती त्याच शतकात इकडे पाटणला त्यांची लेखणी चालत होती. ‘योगशास्त्रा’त त्यांनी मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले. त्यांतला पहिला गुण दान नाही, पूजा नाही, तपही नाही. तो आहे ‘न्यायसंपन्न विभव’, म्हणजे न्यायाने मिळवलेले धन. ज्याचे त्याला देऊन झाल्यावर जे उरते ते आपले आणि त्या आपल्यातून जे सोडायचे ते धर्माचे. पगार, पुरवठादाराची बिले, कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, सरकारचा कर ही पहिली ओळ. धर्मादा ही नंतरची. अहिल्याबाईंनी दौलत आणि खासगी वेगळी ठेवली, त्यातही हाच क्रम होता.

दुसरी गोष्ट देखभालीची. वास्तू बांधणे हा एकदाचा खर्च. ती राखणे हा कायमचा. संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि देशातले कित्येक राजवाडे पाहता पाहता ओस पडले. कोठे हॉटेल झाले, कोठे कचेरी, कोठे नुसतीच वटवाघळे. इंदूरचा राजवाडा शासनाच्या ताब्यात जाऊन तगला. काचमंदिरापुढील अडचण निराळी आहे. चुन्यात बसवलेली काच ओल धरते, मागचा पारा काळवंडतो, एखादा तुकडा निसटतो. तो जागच्या जागी बसवणारा कारागीर मिळणे दिवसेंदिवस कठीण होत जाते. तरीही तेथे रोज अभिषेक होतो, दिवा लागतो, कोणीतरी फरशी पुसतो आणि कोणीतरी पडलेला तुकडा उचलून ठेवतो. रोज वापरात असलेली वास्तू स्वतःच्या रखवालदारांना जवळ ठेवते. राजवाड्यातील मल्हारी मार्तंडाच्या मंदिरालाही हेच लागू पडते. दरबार संपला, भंडारा राहिला.

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील संघांनी गेल्या काही दशकांत अनेक सुंदर जिनालये उभारली आहेत. नव्या संकुलात घर घेताना मंदिर किती अंतरावर आहे, हे प्रथम पाहिले जाते. त्यामुळे आणखीही उभी राहतील आणि राहावीत. परंतु प्रतिष्ठेच्या बोल्या लागतात त्या उत्साहाने वार्षिक निभावणीचा निधी जमतो काय, हा प्रश्न प्रत्येक विश्वस्त मंडळाने स्वतःला विचारावा. कच्छ, राजस्थान, सौराष्ट्र, सोलापूर, कोल्हापूर अशा मूळ गावी आपल्या पणजोबांनी बांधलेली मंदिरे आहेत. तेथे आता दहा घरेही उरलेली नाहीत. पुजाऱ्याचा पगार आणि दिव्याचे तूप यांचीही भ्रांत पडते. नव्या वास्तूच्या पायाभरणीत एक वाटा त्या जुन्या दिव्यासाठी बाजूला पडला, तर ती प्रभावना लहान म्हणता येणार नाही.

इंदूरला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. पुण्याहून इंदूरला जाणारी गाडी कल्याणला थांबते. मुंबई सेंट्रलहून सुटणारी अवंतिका एक्सप्रेस बोरिवलीहून घेता येते. काचमंदिराचे दर्शन सकाळी घ्यावे. तेव्हा गर्दी बेताची असते आणि शांतपणे उभे राहता येते. हे प्रेक्षणीय स्थळ असण्यापूर्वी जिनालय आहे, हे मुलांना दारातच सांगावे. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावे आणि गाभाऱ्यात मोबाइल खिशातच राहू द्यावा. राजवाडा त्यानंतर निवांत पाहावा. जवळच सराफा आहे; दिवसा तेथे सोन्याचांदीची दुकाने आणि ती बंद झाल्यावर त्यांच्याच पायऱ्यांवर खाद्यपदार्थांचा बाजार भरतो. चौविहार पाळणाऱ्यांच्या तो उपयोगाचा नाही आणि कांदा-लसूण टाळणाऱ्यांनी विचारूनच खावे. पण दिवसा ज्या ओट्यावर तोळ्याचा भाव ठरतो, त्याच ओट्यावर रात्री दुसरा माणूस आपली कढई मांडून पोट भरतो, हे पाहण्यासाठी तरी एक फेरी मारावी. एकदिवस वाढवता आला तर महेश्वरला जावे. अहिल्याबाईंचा साधा वाडा, खाली घाट आणि घाटाला लागून वाहणारी नर्मदा पाहिली म्हणजे इंदुरात पाहिलेल्या दोन्ही वास्तूंचे हिशेब मनाशी नीट जुळतात.

दिवाळीला वहीपूजन होईल तेव्हा पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहिले जाईल, गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि शालिभद्राच्या ऋद्धीचे स्मरण होईल. शालिभद्राची ऋद्धी मागताना त्याने ती पुढे सोडली, हेही त्याच पानावर आठवावे. मग ज्यांची देणी थकली आहेत त्यांची नावे आधी काढावीत आणि धर्मादा खात्याची रक्कम त्याखाली लिहावी.